उजळ नको, शाबूत हवी : कातडीची रोजची निगा



आज कर्ज, हप्ता, नोंदवही असं काही नाही. आज बोलायचं आहे आपल्या अंगावरच्या कातडीबद्दल. बचत गटाची बैठक संपली, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, की खऱ्या गप्पा सुरू होतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या गप्पांमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तोंडाले लावाले एखादी चांगली ट्यूब सांगा ना." कुणाला चेहऱ्यावरचे वांग घालवायचे असतात, कुणाच्या पोरीचं लग्न जमवायचं असतं, कुणाला उन्हानं काळवंडलेली मान नको असते. विचारण्यात गैर काहीच नाही. नीटनेटकं दिसावं असं प्रत्येकीलाच वाटतं. शेतात राबणाऱ्या बाईनं चेहऱ्याकडे लक्ष देऊ नये असा काही नियम नाही.

पण प्रश्न थोडा बदलून बघू. "कातडी उजळ कशी करायची" असं न विचारता "कातडी शाबूत कशी ठेवायची" असं विचारू. या दोन प्रश्नांमध्ये किती अंतर आहे, ते आपल्या शेजारच्या अकोल्यात घडलेल्या एका गोष्टीवरून कळेल.

अकोल्याची गोष्ट

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत अकोल्यातच होता. आजही मोठा बाजार, मोठा दवाखाना म्हटलं की आपल्यातल्या कित्येकींचे पाय अकोल्याकडे वळतात. तिथल्या एका घरातल्या तिघी, म्हणजे आई आणि तिच्या दोन मुली, गोरं करणारी एकच क्रीम लावत होत्या. क्रीम गावातल्याच ब्युटी पार्लरवालीकडून घेतलेली. एकीनं आणली, गुण दिसला, म्हणून बाकीच्या दोघींनीही लावायला सुरुवात केली. आपल्याकडेही असंच चालतं ना? एकीची डबी, घरभर बोटं.

२०२२ साली तिघींच्याही किडन्यांना सूज आली. एकाच घरात, एकाच सुमारास, तिघींना किडनीचा आजार. डॉक्टरही चक्रावले. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं. त्या काय खातात, काय पितात, अंगाला काय लावतात, याची चौकशी झाली, क्रीम तपासली गेली आणि तिच्यात पारा निघाला. हो, तोच पारा, जो ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीत असायचा.

हे एकट्या अकोल्यात झालं असंही नाही. केरळमध्ये कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराची एक खास खूण सापडली. त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. त्यातली समाधानाची गोष्ट एवढीच, की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला.

आता कुणी म्हणेल, लावली तोंडाला आणि बिघडली किडनी, हे कसं? त्यासाठी आधी कातडी म्हणजे काय ते समजून घेऊ.

कातडी म्हणजे घराची भिंत

आपल्या जुन्या घरांच्या भिंती आठवा. विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेला गारा. कातडीचा सगळ्यात वरचा थर तसाच असतो. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये असलेला तेलकट पदार्थ म्हणजे गारा. हा थर कागदाहूनही पातळ असतो, पण तोच आतलं पाणी आत ठेवतो आणि बाहेरची घाण, जंतू, औषधं बाहेर ठेवतो. खालून नव्या पेशी वर येत राहतात, वरच्या झडून जातात. साधारण महिनाभरात हा थर नवा होतो. म्हणजे निगा सुरू केली आणि दोन दिवसांत फरक दिसला नाही, तर निराश व्हायचं नाही. महिना-दीड महिना द्यायचा.

भिंतीतला गारा वाहून गेला की काय होतं? भेगा पडतात, ओल शिरते, उंदीर-घुशी शिरतात. कातडीचंही तसंच. जास्त साबण, कढत पाणी, दगडानं घासणं, कपड्याच्या पावडरीनं हात धुणं, यानं तो तेलकट गारा निघून जातो. मग अंग खाजतं, पांढरं पडतं, तडकतं.

आणि रंगाचं काय? कातडीला रंग देणारा एक पदार्थ आपल्या अंगातच तयार होतो. त्याला मेलॅनिन म्हणतात. हा पदार्थ बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच असतात. फरक असतो तो त्या किती रंग बनवतात यात. आणि हा रंग म्हणजे मळ नाही, ती आपली छत्री आहे. उन्हातली हानी करणारी किरणं तो अडवतो. वऱ्हाडच्या उन्हात राबणाऱ्या बाईच्या अंगानं स्वतःसाठी उभारलेलं हे संरक्षण आहे. ते खरवडून काढायला आपण पैसे मोजतो.

पारा काय करतो

पारा हा रंग तयार होण्याचं काम बंद पाडतो. म्हणून क्रीम लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो. बाई खूश होते, मैत्रिणीला सांगते. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत शिरतो, रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनी म्हणजे रक्ताची चाळणी. पाऱ्यानं ही चाळणी खराब झाली की अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जायला लागतं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पाय सुजतात, रक्तदाब वाढतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर फारच जपायला हवं, कारण पारा पोटातल्या बाळापर्यंत आणि आईच्या दुधापर्यंत पोहोचतो. टॉवेल, उशी, आईच्या गालाला गाल लावणारं लेकरू, सगळ्यांना तो लागतो.

आणि क्रीम बंद केली की रंग परत येतो, कधी कधी आधीपेक्षा जास्त गडद. मग बाई पुन्हा डबी उघडते. असं ते चक्र आहे.

आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. तरीही बाहेरून आलेल्या, नाव-गाव नसलेल्या डब्या बाजारात फिरतात. पारा वासानं कळत नाही, रंगानं कळत नाही, घरी तपासता येत नाही. मग ओळखायचं कसं? काही खुणा सांगते, त्या पक्क्या लक्षात ठेवा.

डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर घ्यायची नाही. आत काय काय घातलं आहे त्याची यादी नसेल, तर घ्यायची नाही. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असे शब्द असतील, तर हातही लावायचा नाही. "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना लिहिली असेल, तर ती पाऱ्याची खूण समजा, कारण पारा सोन्याला चिकटून त्याला पांढरं करतो. जी वस्तू सोन्याला खराब करते ती गालाला कशी चालेल, तुम्हीच सांगा. आणि आठ दिवसांत गोरं करण्याची कुणी हमी दिली, तर ती हमीच धोक्याची घंटा आहे.

कुणी अशी क्रीम आजच लावत असेल तर घाबरू नका. लावणं थांबवा, डबी फेकू नका, पिशवीत बांधून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवीची साधी तपासणी करून घ्या.

दुसरा धोका : ट्यूबा

पाऱ्याइतकीच दुसरी एक गोष्ट आपल्या गावागावांत आहे. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं आणि मिळेल ती चोळायची. यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड वाईट नाही, डॉक्टरांच्या हाती ते मोलाचं औषध आहे. पण गजकर्णावर ते लावलं की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोरानं उसळते. चेहऱ्यावर क्रीम म्हणून महिनोन्महिने लावलं, तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमं येतात, केस येतात आणि उन्हात गेलं की चेहऱ्याची आग होते. केंद्र सरकारनं २०१८ साली अशा चौदा स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. दुकानदार देतो म्हणून आपण घ्यायलाच पाहिजे असं नाही.

गजकर्ण असेल तर अंग कोरडं ठेवा, ओले कपडे बदला, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, घरातल्या ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचा उपचार एकदमच करा, आणि डाग गेल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस औषध पूर्ण लावा.

आता रोजचं काम

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, "हे नको, ते नको, मग लावावं तरी काय बाई?" तर ऐका. रोजची निगा तीन शब्दांत बसते. धुवा, तेल लावा, झाका. पहाटे चुलीपासून रात्री अंथरुणापर्यंत आपल्याला फुरसत नसते, म्हणून जे काम आपण तसंही करतोच, त्यातच ही निगा बसवायची.

सकाळची आंघोळ. पाणी कोमट, कढत नको. थंडीत कढत पाणी बरं वाटतं, पण तेच अंग तडकवतं. साबण रोज सगळ्या अंगाला चोळायची गरज नसते. काखा, जांघा, पाय आणि जिथे मळ, घाम आहे तिथे लावा, बाकी अंगाला पाणी पुरतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण जास्त साबण घासतो आणि तो नीट निघतही नाही. कमी साबण, जास्त पाणी हे सूत्र ठेवा. वज्री टाचांसाठी आहे, चेहऱ्यासाठी आणि पाठीसाठी नाही. चेहरा दिवसातून दोनदा धुतला तरी पुरे.

आंघोळीनंतर अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. अंग थोडं ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, हातपायांना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. कोरड्या अंगावर भरपूर तेल थापण्यापेक्षा ओलसर अंगावर चार थेंब जास्त काम करतात, कारण ते पाणी आत कोंडून ठेवतात. ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं येतात त्यांनी चेहऱ्याला तेल लावू नये, हातापायांना लावावं. मोहरीच्या तेलानं नाजूक कातडीला त्रास होऊ शकतो, म्हणून लहान बाळासाठी ते टाळलेलं बरं.

मग झाकणं. ऊन अडवायचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे कापड. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालून आपल्या बाया शेतात जातात. कुणी हसो, ही फार शहाणपणाची रीत आहे. डोक्याला, मानेला आणि तोंडाला सुती दुपट्टा, पायात मोजे. ज्यांना वांग आहेत त्यांच्यासाठी तर झाकणं हेच पहिलं औषध. वांग ऊन लागल्यानं वाढतात. गरोदरपणात आणि पाळणा लांबवायच्या गोळ्यांनीही ते येऊ शकतात. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं घ्या आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. पण सनस्क्रीन लावलं म्हणून दुपट्टा सोडायचा नाही.

रात्री पाय. दिवसभर चिखलात, ढेकळात चाललेल्या टाचांना दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, वज्रीनं हलक्या हातानं घासा, पुसा, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा आणि सुती मोजे घालून झोपा. भेगांमध्ये ब्लेड घालू नका. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रोज रात्री तळपाय आरशात किंवा लेकराकडून बघून घ्यावा. त्यांना जखम दुखत नाही आणि कळेपर्यंत ती वाढलेली असते. त्यांनी पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं बघावं.

शेतातली निगा

शहरातल्या मासिकात निगा म्हणजे चेहरा. आपल्यासाठी निगा म्हणजे आधी हात. वर्षभराची कामं डोळ्यांसमोर आणा.

पेरणीच्या वेळी बियाण्याला औषध चोळायचं काम घरोघर बायाच करतात, तेही बऱ्याचदा उघड्या हातांनी. रबरी हातमोजे घाला. मोजे नसतील तर बियाणं आणि औषध बंद डब्यात घेऊन हलवा, हातानं कालवू नका.

निंदणीत गाजरगवत असतं. ही आपल्या मातीतली वनस्पती नाही. १९५५ च्या सुमारास ती पुण्यात पहिल्यांदा दिसली आणि पुढे देशभर पसरली. तिच्या स्पर्शानं, नुसत्या उडालेल्या भुकटीनंही काहींना पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत प्रचंड खाज सुटते. कातडी जाड आणि काळी पडते. "माहं तोंड उन्हानं काळं झालं" म्हणणाऱ्या एखादीचा खरा त्रास गाजरगवताचा असू शकतो. हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत ते उपटा आणि घरी आल्याबरोबर हात-तोंड धुवा.

फवारणीच्या दिवसांत पाणी भरून देणारी, औषध कालवणारी आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे धुणारी बाईच असते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. विष फक्त नाका-तोंडातूनच जात नाही, ते कातडीतूनही जातं, आणि तडकलेल्या, ओरखडे पडलेल्या कातडीतून आणखी लवकर. म्हणून भिंत शाबूत ठेवण्याला इतकं महत्त्व. औषध काठीनं कालवा, हातानं नाही. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, हातमोजे घालून वेगळे धुवा. मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, घाम, थरथर, असं काही झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

सोयाबीन सोंगताना शेंगांची टोकं आणि कूस हाताला बोचतात, मळणी यंत्राची धूळ अंगाला चिकटते. बाह्या खाली, तोंडाला रुमाल, आणि काम झालं की आधी आंघोळ, मग भाकरी. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब तर तुम्ही मला शिकवाल. ती चाटायला गोड-आंबट लागते, पण तासन् तास हरभरा खुडला की बोटांना झोंबते, कारण ते आम्लच आहे. खुडणीला जाण्याआधी हाताला तेल लावा, मध्ये एकदा साध्या पाण्यानं धुवा.

बिब्बे फोडून गोडंबी काढायचं काम विदर्भात अनेक गावांतल्या बाया करतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, फोड आणतं. हाताला आधी तेलाचा जाड लेप लावा, मोजे घाला, आणि त्या हातानं डोळे पुसू नका. अंगदुखीवर बिब्बा घालायची जुनी रीतही सोडून द्यावी. दुखणं राहतं बाजूला आणि जळाल्याचा डाग जन्मभर राहतो.

घरगुती आहे म्हणजे निर्धोक आहे असं नाही

डाळीचं पीठ, दुधाची साय, चिमूटभर हळद यांचं उटणं आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही. पण लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. खायचा सोडा आणि दात घासायची पेस्ट हीसुद्धा चेहऱ्यावर लावायची वस्तू नाही. नवीन काही लावायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली नसेल तर पुढे वापरा.

टिकलीचंही सांगते. टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं काहींना कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. खाज सुटली किंवा रंग फिका वाटला की टिकली लगेच थांबवा. केस काळे करायच्या "काळ्या मेंदी"मध्येही तीव्र रसायन असतं, त्यानं डोकं, कान आणि डोळे सुजू शकतात. साधी हिरव्या पाल्याची मेंदी वेगळी, ही वेगळी.

दवाखान्यात कधी जायचं

एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला हात लावला तरी कळत नाही, टोचलं तरी दुखत नाही, तो लपवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो, आणि लवकर गेलं तर हातापायाला व्यंग येत नाही. लाजण्याची बाब रोगात नाही, उशीर करण्यात तोटा आहे.

रात्री वाढणारी आणि घरातल्या सगळ्यांना सुटलेली खाज ही खरूज असते. तिचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं असतं. एकट्या लेकराला लावून ती जात नाही. महिनाभरात न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, अंगभर पुरळ येऊन ताप, हेही थांबून बघायचे त्रास नाहीत. आशाताईला सांगा, उपकेंद्रात जा. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं आणि १०४ क्रमांकावर आरोग्याचा सल्ला मिळतो.

गटानं काय करायचं

मैत्रिणींनो, हे एकटीनं पाळायचं पथ्य नाही, गटानं धरायची शिस्त आहे. आपल्या बैठकीत हल्ली क्रीम, पावडर, तेल विकायला माणसं येतात. कमिशनही देतात. दहा डब्या खपवल्या की अकरावी फुकट. आपल्या शब्दावर गावातल्या बाया विश्वास ठेवतात, म्हणूनच ते आपल्याकडे येतात. कर्ज देताना आपण चार प्रश्न विचारतो, मग अंगाला लावायची वस्तू विकत घेताना का नको? पुढच्या बैठकीत ठराव लिहा : ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, आत काय आहे त्याची यादी आणि मुदत नाही, ती आपल्या गटात विकली जाणार नाही. ज्या वाचू शकतात त्यांनी बाकीच्यांना लेबल वाचून दाखवावं. आणि जे गट स्वतः साबण, उटणं, क्रीम बनवून विकायचा विचार करतात, त्यांनाही अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो आधी काढा. आपल्या मालावर आपलं नाव अभिमानानं छापता आलं पाहिजे.

दुसरं, हंगामाआधी गटाच्या पैशातून रबरी हातमोजे, सुती मोजे आणि खोबरेल तेल एकत्र ठोक भावानं आणा. दुकानातली गोरं करणारी एक डबी जेवढ्याला पडते, तेवढ्यात एकीची वर्षाची निगा होऊ शकते.

आणि तिसरं, घरात बोलताना जपा. सून बघायला गेलो तर "पोरगी जरा सावळी हाय" हे वाक्य आपल्याच तोंडून निघतं. ते वाक्य ऐकूनच एखादी पोर ती डबी उघडते. अकोल्यातल्या घरात पारा क्रीमच्या डबीतून आला, पण डबी घरात आली ती गोरेपणाच्या हौसेनं. हौस थोडी आवरली, शब्द थोडे सांभाळले, तर पुष्कळ डब्या बाजारातच पडून राहतील.

धुवा, तेल लावा, झाका. अनोळखी डबीला नाही म्हणा. पुढच्या भागात आपण रक्त कमी असण्याबद्दल, म्हणजे बायांच्या थकव्याबद्दल बोलू. तोवर तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा, बैठकीला आले की वाचून घेईन. नमस्कार.